चाकाची पकड : बिलोलीचे रान आणि मागच्या चाकाचे बळ

मागच्या चाकांवर चालणाऱ्या वाहनाची अडचण जुनी आहे. इंजिनाचे बळ चाकापर्यंत पोहोचते, पण चाकाखालच्या जमिनीला ते पेलत नाही. मग चाक जागीच फिरते. स्पोर्ट्स कारमध्ये याचा परिणाम असा होतो, की ओल्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. ट्रॅक्टरमध्ये मागचे चाक आसापर्यंत चिखलात उतरते. कारखान्यातून आलेल्या गाडीला नंतर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकाची घसरण ओळखून बळ आवरणारी यंत्रणा, बसवणे हा या अडचणीवरचा अलीकडचा, शहरी उपाय. नांदेड जिल्ह्याच्या बिलोली तालुक्यात स्पोर्ट्स कारचे प्रयोजन फारसे नाही. तरी मागच्या चाकाला नंतर पकड जोडण्याची कारागिरी तिथे ट्रॅक्टर आल्यापासून चालत आली आहे, आणि आजच्या इलेक्ट्रॉनिक पेटीत जे काम होते ते तिथला ट्रॅक्टरचालक दोन पायांनी कितीतरी आधीपासून करत आला आहे.

याचे कारण जमिनीत आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा थर पूर्वेकडे पातळ होत होत बिलोली-देगलूर भागात संपतो आणि त्याखालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. बेसाल्टच्या झिजेतून चिकण काळी माती झाली. बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा लातूर, बीदर, मेदक असा वळसा घालून इथे उत्तरेकडे वळते आणि तालुक्याच्या पूर्व कडेने गोदावरीला मिळायला जाते. तिच्या पात्रात जाड, खरखरीत वाळू साठते. म्हणजे एकाच तालुक्यात दोन टोकांच्या भूमी आहेत. येसगी-सगरोळीच्या बाजूला नदीत उतरलेले वाहन वाळूत फसते आणि तिथून थोड्या अंतरावरच्या शेतात मृगाच्या पावसानंतर तेच वाहन चिखलात रुतते. दोन्हीकडे चाक जागीच फिरते, पण कारण वेगळे आणि म्हणून इलाजही वेगळा.

वाळूची पकड कणांच्या घर्षणातून येते. चाकावर जितके वजन, तितके कण एकमेकांवर दाबले जातात आणि तितका रेटा ती सोसते. ओल्या चिकणमातीचे तसे नसते. तिची ताकद कणांच्या आपसातल्या चिकटपणात असते आणि वजन वाढवले तरी ती वाढत नाही. वाढवायचे असेल तर चाकाने धरलेले क्षेत्र वाढवावे लागते, किंवा वरचा निसरडा थर कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचावे लागते. जो इलाज वाळूत चालतो तोच काळ्या रानात अंगाशी येतो, कारण जादा वजनाने चाक आणखी खोल जाते. हा भेद पुस्तकात शिकवला जाण्याच्या आधीपासून शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होता. रान वाफशावर आल्याशिवाय औत घालायचे नाही, या नियमात बियाण्याइतकाच बैलाच्या पायाचा आणि चाकाचा विचार आहे.

बैलगाडीच्या काळात पकड आणि चाक या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. ओढण्याचे काम बैलाच्या खुराचे. चाकाने फक्त ओझे पेलायचे आणि कमीत कमी अडथळ्याने फिरायचे. म्हणून चाकावरची लोखंडी धाव गुळगुळीत असली तरी बिघडत नसे. धाव बसवणे हे गावच्या सुतार-लोहारांचे मोठे काम होते. लोखंडी पट्टीचे कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायचे आणि प्रसरण पावलेले असतानाच सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायचे. लाकूड धुमसू लागते, तोच वरून पाणी ओतले जाते. लोखंड आकसते आणि आरे, पुठ्ठे, माथा सगळे एका दाबात आवळले जातात. खिळ्याशिवाय बसलेली ही धाव वर्षानुवर्षे टिकते. पकडीची सोय मात्र दुसरीकडे होती: बैलांच्या खुरांना लोखंडी पत्र्या ठोकल्या जात. त्या मुख्यतः खूर झिजू नये म्हणून असत, पण दगडी उतारावर पायही धरत.

कंधारची लाल कंधारी आणि लातूरकडची देवणी ही या भागातली नावाजलेली गोवंशाची वाणे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत त्यांची पारख होत आली. पारखीत जोराइतकेच महत्त्व स्वभावाला असे. गाडी अडली की एकदम हिसका देणारा बैल शिवळ मोडतो किंवा स्वतःच घसरून गुडघ्यावर येतो. कसलेला बैल पाय सरकू लागताच जोर आवरतो, खूर रोवतो आणि पुन्हा ओढतो. आजच्या भाषेत सांगायचे तर घसरण ओळखणारी आणि बळ आवरणारी यंत्रणा खुद्द जनावरात होती. इंजिन आले तेव्हा अश्वशक्ती वाढली, पण ही जाण गेली. पुढचा सारा इतिहास ती परत मिळवण्याचा आहे.

ही उणीव आगगाडीला सर्वांत आधी जाणवली. विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात हैदराबादहून गोदावरी खोऱ्यातून मनमाडकडे मीटरगेज लोहमार्ग झाला. तो बिलोलीला टाळून शेजारच्या धर्माबादवरून नांदेडला जातो. लोखंडी रुळावर लोखंडी चाक पावसाळ्यात सहज घसरते, म्हणून वाफेच्या इंजिनावर कोरड्या वाळूची पेटी असे. चालकाने कळ ओढली की नळीतून बारीक वाळू चाकाच्या नेमकी पुढे रुळावर पडे. जी वाळू ढिगाने असली की चाकाला गिळते, तीच चिमूटभर आणि कठीण पृष्ठावर असली की चाकाला धरून ठेवते. वाहनाला बाहेरून पकड पुरवण्याचा हा सर्वांत साधा प्रकार असून विजेच्या इंजिनांवरही तो टिकून आहे.

रस्त्यावरची मोटार नंतर आली. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बस घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. सरकारी रस्त्यांवर बस पोहोचली, तरी गावांच्या मातीच्या वाटा पावसाळ्यात बंदच राहत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातून देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्याचा मोठा भाग आंध्रात गेला, उरलेला जिल्हा मुंबई राज्यात आला. बिलोली तेव्हापासून सीमेवरचा तालुका आहे.

ट्रॅक्टरमुळे चाकाचे काम मुळातूनच बदलले. आता ओढायचेही चाकानेच. सुरुवातीच्या परदेशी ट्रॅक्टरांना लोखंडी चाके आणि त्यांवर टोकदार दाते असत. अमेरिकेतल्या ॲलिस-चाल्मर्स कंपनीने १९३२ मध्ये हवेचे रबरी टायर दिले आणि दातांची जागा टायरवरच्या तिरक्या रबरी पट्ट्यांनी घेतली. भारतात आयशरचा पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्ये तयार झाला, १९६० मध्ये मद्रासला टॅफे स्थापन झाली आणि १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टर-निर्मिती सुरू केली. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, कर्जे मिळू लागली आणि मराठवाड्यात पुढच्या दोन दशकांत ट्रॅक्टर मोठ्या शेतकऱ्यांच्या दारात दिसू लागला. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराला काळ्या रानात बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. ते काम आता दोन मागची चाके करू लागली.

या ट्रॅक्टरांच्या मुळाशी हॅरी फर्ग्युसन या आयरिश अभियंत्याची एक कल्पना आहे, आणि पकडीच्या इतिहासात तिचे स्थान फार मोठे आहे. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता बांधून ओढला जाई. फर्ग्युसनने तो तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि हायड्रॉलिक लिफ्टवर तोलला. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमुळे ही रचना सर्वत्र पसरली. जमीन कठीण लागली की नांगर वरच्या दांडीला पुढे ढकलतो, त्या दाबाने स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि लिफ्ट नांगराला किंचित वर उचलते. उचललेल्या नांगराचे व त्यावरच्या मातीचे वजन मागच्या चाकांवर येते. ओढ कमी होते आणि पकड वाढते, दोन्ही एकाच क्षणी. सीटशेजारच्या दोन तरफांपैकी एक याच ड्राफ्ट कंट्रोलची असते. काळ्या रानात नांगराच्या एका तासाच्या लांबीतही कुठे भेगाळलेले कोरडे ढेकूळ आणि कुठे ओल राहिलेला पट्टा असतो. तिथे हे यंत्र चालकाच्या हातापेक्षा लवकर जागे होते. संगणकाचा एकही भाग नसलेले हे खरेखुरे ट्रॅक्शन कंट्रोल होय.

तरीही एक प्रश्न उरतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही मागच्या चाकांमध्ये डिफरेन्शियल असते. फ्रान्सच्या पेकरने १८२८ मध्येच वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले होते. साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की त्याला फारसा पीळ लागत नाही, म्हणून कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो आणि ट्रॅक्टर उभाच राहतो. यावर ट्रॅक्टरमध्ये दोन सोयी आहेत. पहिली टाचेने दाबायचा डिफरेन्शियल लॉक: दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात. लॉक लावून वळण घेतले तर गिअरवर जबर ताण येतो, म्हणून तो सरळ चालीपुरताच. दुसरी सोय अधिक लवचीक आहे. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, पेडल दोन आणि शेजारी शेजारी. डांबरी रस्त्यावर ती कडीने एकत्र जोडायची. शेतात कडी काढून चालक फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हलके दाबतो. त्या चाकाला विरोध मिळतो, तेवढाच पीळ दुसऱ्या चाकाकडे जातो आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. ब्रिटनमधल्या चिखलाच्या चढण-स्पर्धांत मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या स्पोर्ट्स गाड्यांना नेमके असेच वेगळे ब्रेक हातदांड्याने बसवले जात.

याहून पुढची मदत बाहेरून जोडावी लागते. टायरमध्ये पाणी भरणे हा सर्वांत स्वस्त प्रकार: झडप वर ठेवून टायर साधारण तीन चतुर्थांश भरला की प्रत्येक चाकावर शे-दोनशे किलो वजन चढते. कोरड्या रानात नांगरटीला हे उत्तम. पण वाफसा नसलेल्या मातीत हेच वजन जमीन दाबून टाकते आणि पुढच्या पिकाच्या मुळांना त्याचा जाच होतो. चिखलासाठी लोखंडी केजव्हील असते: दोन-तीन कडी आणि त्यांना आडव्या जोडलेल्या पात्या, टायरच्या बाहेरच्या बाजूला बोल्टने बसवलेल्या. भातखाचरात चिखलणीला ती लागतात. पात्या वरचा निसरडा थर कापतात आणि कड्यांमधली जागा मोकळी असल्याने माती अडकून राहत नाही. रबरी टायरची अडचण नेमकी तीच असते. काळी माती पट्ट्यांच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. पट्ट्यांचा तिरकेपणा माती बाहेर फेकण्यासाठीच असतो; टायर उलट दिशेने बसवला तर तो स्वतःला साफ करत नाही. जुन्या बाजारातून टायर आणणाऱ्याने एवढी एक खूण तरी पाहूनच घ्यावी.

घसरण मोजण्याची शेतातली रीतही साधी आहे. मागच्या टायरवर खडूची रेघ ओढायची, औत उचलून ट्रॅक्टर चालवायचा आणि चाकाच्या १० फेऱ्यांत किती अंतर जाते ते पाहायचे. मग औत जमिनीत घालून तेच करायचे. मोकळ्या चालीत ४० मीटर आणि कामात ३४ मीटर आले, तर घसरण १५ टक्के. शेतीकामात साधारण ८ ते १५ टक्के घसरण योग्य मानतात. शून्य घसरण कधीच साधत नाही, कारण जमिनीने थोडेसे सरकल्याशिवाय रेटा परत देता येत नाही. रस्त्यावरच्या टायरचेही तसेच आहे: कोरड्या डांबरावर पकड सर्वाधिक असते ती १० ते २० टक्के घसरणीच्या आसपास, आणि त्यापुढे ती ढासळते.

मांजरेच्या पात्रातला अनुभव याला पूरक आहे. घरबांधणी वाढली तशी इथल्या वाळूला नांदेड, निजामाबाद आणि हैदराबादकडून मागणी आली. ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि पुढे हायवा पात्रात उतरू लागले. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळूचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. भरलेले वाहन वाळूत उभे राहिले की चाक पहिल्याच फेरीत खड्डा करते. अनुभवी चालक तिथे ॲक्सिलरेटर वाढवत नाही. टायरची हवा कमी करून तो टायर पसरट करतो, चाकापुढे पोती किंवा फांद्या टाकतो, आणि वरच्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून चाकावर येणारा पीळ कमी ठेवतो. पुन्हा तोच मार्ग: एकीकडे पकड वाढवायची, दुसरीकडे बळ आवरायचे. या वाहतुकीने पात्राचे जे खोदकाम झाले त्याची किंमत नदीकाठच्या विहिरींनी मोजली आहे. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली, ते आवश्यकच होते.

शेतातले हे ज्ञान स्पोर्ट्स कारकडे वळवण्यातही फर्ग्युसनचा हात आहे. त्याच्या संशोधन कंपनीने चारही चाकांना बळ देणारी रचना तयार केली. १९६१ मध्ये ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने फर्ग्युसन पी-९९ या चारही चाकांवर चालणाऱ्या रेसिंग कारमधून शर्यत जिंकली, आणि १९६६ च्या जेन्सन एफएफ या गाडीत तीच रचना चाक न जखडू देणाऱ्या डनलॉपच्या ब्रेकसह आली. त्याआधी १९३५ मध्ये ऑटो युनियनच्या प्रचंड ताकदीच्या रेसिंग गाड्यांसाठी जर्मनीच्या झेडएफने घसरण आवरणारे डिफरेन्शियल बनवले होते.

इलेक्ट्रॉनिक टप्पा १९७१ मध्ये सुरू झाला. ब्युइकच्या मॅक्सट्रॅक यंत्रणेत छोटा संगणक चाकांच्या वेगांची तुलना करून इंजिनाची ठिणगी तोडत असे. ती फार टिकली नाही. १९७८ मध्ये बॉशचे एबीएस, म्हणजे ब्रेक लागताना चाक जखडू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, मर्सिडीजमध्ये आले. प्रत्येक चाकाचा वेग आता सतत मोजला जाऊ लागला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच सेन्सरांवर उभे असलेले ट्रॅक्शन कंट्रोल आले: फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक लावायचा आणि इंजिनाचे बळ कमी करायचे. बिलोलीच्या ट्रॅक्टरवाल्याच्या दोन पेडलांचे काम आता झडपा करू लागल्या. फॉर्म्युला वनमध्ये ते १९९४ पासून बंद झाले, २००१ मध्ये परत आले आणि २००८ पासून पुन्हा बंद आहे, कारण चालकाचे कसब पाहायचे असेल तर पायावरचा ताबा त्याचाच हवा. सचिन तेंडुलकरांना २००२ मध्ये भेट मिळालेली फेरारी ३६० मोडेना ही मागच्या चाकांवर चालणारी कार होती आणि तिच्यात ही यंत्रणा कारखान्यातूनच होती.

ज्या गाड्यांमध्ये ती नव्हती त्यांच्यासाठी नव्वदच्या दशकात जोडसंच निघाले. इंग्लंडची रेसलॉजिक ही त्यातली ओळखीची कंपनी. एबीएस असेल तर संच त्याचेच संकेत घेतो, नसेल तर प्रत्येक चाकाला दातेरी कडे व सेन्सर बसवावे लागतात. पुढच्या चाकांना इंजिनाचे बळ मिळत नसल्याने त्यांचा वेग हाच गाडीचा खरा वेग. टायरचा घेर २ मीटर आणि वेग ताशी ७२ किलोमीटर असेल तर पुढचे चाक सेकंदाला १० फेऱ्या करते. ४८ दात्यांचे कडे असेल तर ४८० संकेत येतात. मागून ५५२ आले, तर मागचे चाक १५ टक्के जास्त वेगाने फिरते आहे. ठरवलेली मर्यादा ओलांडली की पेटी एकेका इंजेक्टरचे इंधन आळीपाळीने क्षणभर थांबवते. इंधन थांबवणे ठिणगी तोडण्यापेक्षा चांगले, कारण न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत मात्र ठिणगीशिवाय मार्ग नसतो. मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर पेटीला ते आधी सांगावे लागते, नाहीतर सरळ रस्त्यावरही तिला घसरण दिसते. शिवाय बळ आवरणारा संच डिफरेन्शियलची उणीव भरून काढत नाही. एक चाक निसरड्यावर असेल तर तो दोघांचेही बळ कमी करतो. त्यासाठी ब्रेक किंवा लॉकच लागतो. २०२० च्या महिंद्रा थारमध्ये म्हणूनच मागच्या ॲक्सलला यांत्रिक लॉक देण्यात आला.

भारतात अशा जोडणीवर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लागू होते. निर्मात्याच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. पकडीचा संच बसवण्याआधी आरटीओकडे विचारणा करणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते. केजव्हील शेतापुरतीच ठेवावीत हेही तितकेच खरे: पात्या लावून डांबरी रस्त्यावर आणलेला ट्रॅक्टर एका फेरीत रस्त्याचा वरचा थर उखडतो, म्हणून ती बांधावरच काढून ट्रॉलीत टाकायची असतात.